'काहीच करत नाही' असं पुन्हा लिहू नकोस

इंग्लंडमधल्या रेडिंगहून आलेल्या पत्रात चार प्रश्न आहेत. मी मात्र तिसऱ्या ओळीतच अडखळले. "सहा वर्षं घरीच आहे, काहीच करत नाही. यांचा पगार वर्षाला 85 हजार पौंड, त्यामुळे मुलांचा सरकारी भत्ता, चाइल्ड बेनिफिट, आम्हाला मिळणार नाही, म्हणून फॉर्म भरलाच नाही."

तू माझ्या लेकीच्या वयाची दिसतेस, म्हणून एकेरीतच बोलते. अगं, याच पत्रात खाली लिहिलंयस की सहाला उठून डबे, मोठीची शाळा, धाकट्याचा दमा, रात्रीत तीनदा जाग. यातलं 'काहीच नाही' कुठलं? हेच चाइल्डमाइंडरने केलं असतं तर दर महिन्याला बिल आलं असतं.

आता फॉर्मचं. पगार 60 हजारांच्या वर गेला की चाइल्ड बेनिफिट थोडंथोडं परत द्यावं लागतं आणि 80 हजारांवर सगळंच जातं, हे खरं. पण तो फॉर्म फक्त पैशांसाठी नसतो. मूल 12 वर्षांचं होईपर्यंत फॉर्मवर जिचं नाव, तिच्या नॅशनल इन्शुरन्समध्ये, म्हणजे सरकारी पेन्शनच्या हिशेबात, ते वर्ष धरलं जातं. 'पैसे नकोत' अशी खूण केली तरीही. पूर्ण सरकारी पेन्शनला 35 वर्षं लागतात आणि 10 सुद्धा भरली नाहीत तर हाती शून्य. तुझी पुण्यातल्या नोकरीची वर्षं इथे मोजत नाहीत. 2025-26 च्या दराने पूर्ण पेन्शन आठवड्याला 230.25 पौंड होतं, म्हणजे तुझं एकेक वर्ष आठवड्याला साडेसहा पौंडांचं, जन्मभर.

माझंच सांगते. 1984 साली थोरला झाला तेव्हा माझं इंग्रजी कच्चं, म्हणून फॉर्म ह्यांनी भरला आणि सवयीने स्वतःचं नाव घातलं. मनात काही वाईट नव्हतं. पण ह्यांची वर्षं पगारातून भरतच होती, त्यांना त्याचा उपयोग शून्य. पुढे पेन्शनचे दोन कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी ठेवले: ह्यांचा 39 वर्षांचा, माझा 22 चा. चष्मा पुसून पुन्हा वाचला. अर्ज करून मुलांची वर्षं माझ्या नावावर आली खरी, पण आठ महिने टपालाची वाट बघण्यात गेले. आमच्याकडे निदान फॉर्म भरलेला तरी होता, बाई!

व्हिसावर होतात तोवर तुम्हाला अर्जच करता येत नव्हता, ते सोड. पण 2023 मध्ये पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाल्यावर? नवऱ्याला टॅक्सची तारीख पाठ आहे आणि बायकोचं पेन्शन ठाऊक नाही, हे मला पटत नाही. त्यालाही हे वाचून दाखव. मागची साधारण सहा वर्षं पैसे भरून घेता येतात, तेही बघा. खर्च घरातून, त्याच्याच पगारातून.

"परत नोकरीला लागले तर पगार कमी मिळेल का?" बहुतेक मिळेल. 2024 मध्ये इथे पूर्णवेळ काम करणाऱ्या बायकांचा तासाचा पगार पुरुषांपेक्षा 7 टक्क्यांनी कमी होता, अर्धवेळ धरल्या तर 13.1 टक्क्यांनी. अर्धवेळ काम जास्त करून बायकाच करतात, म्हणून हा फरक. तरी जा. सीव्हीत ही सहा वर्षं लपवू नकोस.

सासूबाई सहा महिने येणार म्हणतात, तर येऊ देत; स्वयंपाकघर वाटून घ्या. लेक इंग्रजीत उत्तर देते? तू मराठीतच बोलत राहा, माझी दोघं कॉलेजात गेल्यावर बोलायला लागली.

फॉर्म आज रात्रीच, दोघांनी बसून भरा. नाव तुझं घाला आणि नॅशनल इन्शुरन्स नंबर दोनदा तपासा. माझ्या जाऊबाईंचा एक आकडा चुकला होता, तो निस्तरायला त्यांना दीड वर्ष लागलं.