सुया टोचल्यावर कंबर कमी का दुखते?

प्रश्न : सासूबाईंची कंबर तीन वर्षं दुखतेय. अ‍ॅक्युपंक्चरच्या सहा बैठका झाल्या आणि आता त्या ओट्याशी उभ्या राहून पोळ्या लाटतात. सरकलेली गादी तर सुईने जागेवर येत नाही. मग हा मनाचा खेळ का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, त्यांना कृपा करून असं म्हणू नका. दुखणं कमरेत असलं तरी ते जाणवतं मेंदूला. माझ्याकडे येणारे एक निवृत्त एसटी चालक सुई जराशी फिरवली की म्हणतात, “डॉक्टर, मुंग्या थेट पोटरीत उतरल्या.” तो संदेश मज्जारज्जूतून वर जातो आणि शरीर स्वतःची वेदनाशामकं, म्हणजे एंडॉर्फिन, सोडतं. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हातावर सुया टोचल्यावर दाताची वेदना कमी जाणवली. एंडॉर्फिनला अडवणारं नॅलोक्सोन दिल्यावर तो परिणाम ओसरला.

मात्र सुई नेमकी कुठे टोचली, याला आम्ही वाजवीपेक्षा जास्त महत्त्व देतो, असं मला वाटतं. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली; निष्कर्ष २००७ मध्ये आले. सहा महिन्यांनी नेमक्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्क्यांना फरक पडला होता, भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्क्यांना आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्क्यांना. म्हणजे स्पर्श, विश्वास, अपेक्षा यांचाही वाटा मोठा आहे, आणि त्यातून मिळणारा आराम खराच असतो.

पायातली ताकद कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र सुया थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पुढच्या बैठकीआधी सांगा.