गोषवारा नको, मग वाचनवहीत लिहायचं काय?

प्रश्न : ताई, मी साहित्य विषय घेऊन कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या सेमिस्टरला आम्हाला वाचनवही ठेवायची आहे, आठवड्याला दोन पानं. मी कथानक, पात्रं, लेखकाची शैली असं सगळं नीट लिहिते. तरी सरांनी दोनदा एकच शेरा दिला : ‘गोषवारा नको, तुझं वाचन दिसू दे.’ म्हणजे नेमकं काय करू? कवितेबद्दल तर मला ‘छान आहे’ किंवा ‘कळली नाही’ याच्यापुढे सुचतच नाही.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : हा शेरा मीही कितीतरी वह्यांवर लिहिला आहे. त्याच्याखाली आणखी चार ओळी लिहायला हव्या होत्या असं आता वाटतं. त्या तुला लिहिते.

गोष्टीत काय घडतं ते तुझ्या सरांना ठाऊक आहे. वाचताना तू कुठे अडलीस, हे मात्र त्यांना तुझ्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. म्हणून वाचायला बसताना हातात पेन्सिल ठेव. एखादं वाक्य पुन्हा वाचावंसं वाटलं, राग आला, शंका आली, अगदी कंटाळा आला तरी समासात बारीक खूण कर. पुस्तक वाचनालयाचं असेल तर कागदाची चिठ्ठी घाल. वाचून झालं की त्यातली एकच जागा निवड. वहीच्या डाव्या पानावर ते वाक्य जसंच्या तसं, पान क्रमांकासह उतरवून घे आणि उजव्या पानावर तुझं लिही.

उतरवून घेण्यावर माझा भर का आहे ते एका वहीवरून सांगते. एका विद्यार्थिनीनं एका कथेबद्दल लिहिलं होतं : ‘वडील रोज रात्री घड्याळाला किल्ली देतात. यातून त्यांची शिस्त दिसते.’ पुढे पूर्णविराम. मी तिला एवढंच सांगितलं, की किल्लीचा उल्लेख जिथे जिथे आहे ती सगळी वाक्यं लिहून आण. तीन निघाली. पहिल्यात वडिलांनी किल्ली दिली. दुसऱ्यात किल्ली दिली, पण वेळ पाहिली नाही. तिसरं होतं : ‘घड्याळाला किल्ली दिली गेली होती.’ उजव्या पानावर तिनं लिहिलं, ‘इथे कर्ता कुठे गेला? किल्ली कोणी दिली?’ कथेत वडील गेल्याचं कुठेही सांगितलेलं नाही. ते कर्ता गाळलेल्या त्या एका वाक्यात होतं, आणि आधीच्या दोन वाचनांत ते तिच्या नजरेतून निसटलं होतं. हात डोळ्यापेक्षा सावकाश चालतो, म्हणून लिहिताना ते सापडलं. सेमिस्टरच्या शेवटचा तिचा निबंध याच प्रश्नावर उभा राहिला.

‘कळली नाही’ हे लिहायला अजिबात कचरू नकोस. फक्त कुठे कळेनाशी झाली ते बोट ठेवून दाखव. ‘तिसऱ्या कडव्यातला “तो” कोण? पहिल्या कडव्यातला पाऊस, की दारातला माणूस?’ हे मी उत्तम वाचन मानते. कविता छोटी असेल तर सबंध हातानं लिहून काढ, मोठ्यानं वाच, श्वास कुठे अडतो ते बघ. मग एक शब्द काढून त्याच्या जागी त्याच अर्थाचा दुसरा घाल. काय बिघडलं ते लिहायला लागलीस की पान पुरणार नाही. आणि ‘छान आहे’ वाटलं त्या कवितेवरही हाच प्रयोग कर.

नोंद त्याच दिवशी कर. वर्गात चर्चा होण्याआधी, गाईड किंवा समीक्षा उघडण्याआधी. माझी विद्यार्थिदशेतली एक वही माझ्याजवळ आहे. तिच्यात मी आधी समीक्षा वाचून मग लिहीत असे. भाषा नेटकी आहे, मतं बरोबर आहेत. पण त्या कादंबऱ्या पहिल्यांदा वाचताना मला काय झालं होतं, ते आता त्या वहीतून शोधायला काहीच मार्ग उरलेला नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

उजव्या पानाचा खालचा भाग कोरा सोड. वर्गातल्या चर्चेनंतर किंवा पुस्तक संपल्यावर तिथे दुसऱ्या शाईनं, तारीख घालून परत लिही. मत बदललं असेल तर जुनं खोडू नकोस. मी वही तपासायला घेतली की आधी हीच जागा बघायची. एका बैठकीत उरकलेली वही लगेच ओळखू येते : सगळीकडे एकच सूर असतो, आणि एकही नोंद दुसरीशी भांडत नाही.

पुस्तकाची आवृत्ती आणि वर्ष लिहून ठेव, नाहीतर पान क्रमांक निरुपयोगी. वहीची पहिली दोन पानं सूचीसाठी राखून ठेव. जॉन लॉक या तत्त्वज्ञानं 1686 मध्ये अशा टिपणवह्यांची सूची कशी करावी यावर फ्रेंचमध्ये लेख छापला होता. विषयाचं पहिलं अक्षर आणि त्यातला पहिला स्वर यांवरून तो पानं लावायचा. तुला एवढं नको. ‘निवेदक’, ‘घर’, ‘मौन’ असे शब्द आणि पुढे वहीतले पान क्रमांक पुरेत. निबंधाचा विषय शोधायची वेळ येईल तेव्हा ‘मौन’पुढे तीन वेगवेगळ्या पुस्तकांवरच्या नोंदी सापडतील.

शेरा मिळालेली ती पानं फाडू नकोस. तुझ्या गोषवाऱ्यातलं एक वाक्य घे, पुस्तकातल्या ज्या परिच्छेदावरून ते लिहिलंस तो शोधून शेजारी उतरवून काढ. परिच्छेदातलं जे तुझ्या वाक्यात आलेलं नाही, तिथून लिहायला लाग.