कंपनी खरंच नीतीने धंदा करते का, हे बाहेरून कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न असा आहे की सीएसआर, म्हणजे कंपन्यांची सामाजिक जबाबदारी, हा नुसता देखावा असतो का. आणि हातात नोकरीच्या दोन ऑफर असताना कुठली कंपनी सचोटीची आहे हे बाहेरच्या माणसाने ताडायचं कसं.

मी चौदा वर्षं खरेदी विभागात काढली आहेत, त्यामुळे हे उत्तर त्या खुर्चीतून दिसलेलं आहे. देणगी किती दिली ते नंतर बघा. आधी बघा, ती कंपनी पुरवठादारांशी कशी वागते.

आमच्याकडे काय चालायचं ते सांगतो. माल निघायला दहा दिवस उरलेले असताना विक्री विभागाला रंग बदलून हवा असायचा. मी पुरवठादाराला फोन लावायचो. तो म्हणायचा, "साहेब, अर्धा माल कापून झालाय." मी म्हणायचो, "तारीख मात्र तीच." पलीकडे जरा वेळ शांतता, मग "बघतो." त्या 'बघतो'चा अर्थ रात्रपाळी असा होतो, हे मला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. काही महिन्यांनी आमचीच ऑडिट टीम तिथे जायची, चौदा-चौदा तासांची हजेरी सापडायची, आणि अहवालात शेरा पडायचा: गंभीर त्रुटी, जबाबदार पुरवठादार. माझ्या फोनचा उल्लेख कुठेच नाही.

पुढच्या खेपेला मीही टीमबरोबर गेलो. मस्टर अगदी स्वच्छ होतं. तीन महिन्यांच्या नोंदी एकाच निळ्या शाईत, एकाच हाताच्या, एकाही पानाचा कोपरा दुमडलेला नाही. रोज शंभर माणसं ज्या वहीत सही करतात ती अशी दिसत नाही. मी काही बोललो नाही. खाली सही केली.

पैशांचं तर विचारूच नका. करारात साठ दिवस लिहिलेले, पण ते मोजायचे बिल 'स्वीकारल्या'च्या तारखेपासून. बिल स्वीकारायचं कोणी? आम्ही. मग ती माझ्या ट्रेमध्ये पडून राहायची आणि साठाचे सहज शंभर व्हायचे. तोवर कामगारांचा पगार काढायला पुरवठादार व्याजाने पैसे उचलायचा, म्हणजे आमचा धंदा त्याच्या कर्जावर चालायचा. त्याच वर्षीच्या वार्षिक अहवालात आमच्या देणगीच्या कार्यक्रमाचा पानभर फोटो होता.

देणगी खोटी असते असं मी म्हणत नाही. मर्क या औषध कंपनीने १९८७ साली नदीकाठच्या भागात अंधत्व आणणाऱ्या रोगावरचं औषध लागेल तितकं, लागेल तितकी वर्षं फुकट द्यायचं ठरवलं आणि ते पाळलं. तिथे द्यायची वस्तू कंपनीच्या मूळ कामातूनच आलेली होती. मला खटकतो तो एका हाताने घेऊन दुसऱ्या हाताने दिलेला दानधर्म.

प्रमाणपत्रांवरही फार विसंबू नका. सप्टेंबर २०१२ मध्ये कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला आग लागून अडीचशेहून जास्त कामगार गेले. खिडक्यांना गज, बाहेर पडायचे दरवाजे बंद. कामाच्या परिस्थितीसाठीचं एसए ८००० हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच मिळालं होतं. पुढच्या वर्षी, २४ एप्रिल २०१३ ला, बांगलादेशात राणा प्लाझा कोसळला आणि ११३४ माणसं मेली. आदल्या दिवशीच भिंतींना तडे दिसले होते. खालच्या बँकेने आपल्या लोकांना येऊ दिलं नाही, वरच्या शिवणकामाच्या कारखान्यांनी बोलावून घेतलं. त्यातल्या काहींचं ऑडिट आधी झालेलं होतं, पण इमारत उभी राहील का, हा रकानाच त्या तपासणीत नव्हता.

त्यानंतर जो करार झाला तो मला कुठल्याही सीएसआर अहवालापेक्षा मोलाचा वाटतो. कामगार संघटना आणि ब्रँड यांच्यात झालेला, कायद्याने बांधणारा. तपासणी स्वतंत्र, अहवाल जाहीर, आणि दुरुस्तीसाठी पैसा उभा राहील हे बघायची जबाबदारी ब्रँडवर. 'आम्ही प्रयत्न करू' आणि 'नाही केलं तर आमच्यावर दावा लावा' यांत फरक आहे.

(पुरस्कारांचंही तसंच. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या चाचणीपुरताच कमी धूर दाखवतात हे सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झालं. त्याच महिन्यात एका नावाजलेल्या शाश्वतता निर्देशांकाने तिला वाहन उद्योगात पहिली ठरवलं होतं.)

कोणीतरी तुम्हाला अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनही ऐकवेल, की कंपनीची जबाबदारी एकच, नफा. त्यांच्या १९७० च्या लेखात त्याला अट जोडलेली आहे: नियमांच्या आत राहून, फसवणूक न करता. ती अट बहुतेक लोक गाळतात. ती नीट पाळली तरी माझ्या जुन्या खात्यातली निम्मी कामं बंद पडली असती.

आता तुमच्या दोन ऑफरबद्दल. कंपनीला माल देणारा एखादा छोटा पुरवठादार गाठा आणि पैसे कधी मिळतात एवढंच विचारा. ब्रिटनमध्ये मोठ्या कंपन्यांना २०१७ पासून हा आकडा वर्षातून दोनदा जाहीर करावा लागतो, तिथली कंपनी असेल तर घरबसल्या दिसेल. मुलाखतीत विचारा की खरेदीवाल्यांचा बोनस कशावर ठरतो. फक्त भाव पाडण्यावर ठरत असेल, तर भिंतीवरची मूल्यं वाचण्यात वेळ घालवू नका. आणि गेल्या वर्षी कोणी आतून तक्रार केली होती का, तो माणूस आज कुठे आहे, हेही विचारा. उत्तरापेक्षा उत्तर देताना चेहरा कसा होतो ते बघा.

नोकरी बदलताना मी स्वतः विचारलं होतं, "बिल मंजूर व्हायला सरासरी किती दिवस लागतात?" एका ठिकाणी मला मूल्यांची पुस्तिका दिली. दुसऱ्या ठिकाणी हिशेब खात्याच्या प्रमुख बाईंनी "कुठल्या विभागाचं सांगू?" म्हणत स्क्रीन माझ्याकडे वळवली. दोन विभागांचे आकडे लाल होते. मी तिथे रुजू झालो, आणि त्यातला एक विभाग माझ्याच गळ्यात पडला.