वकीलताईंना विचारा : वय 19 लिहून टाकू का?

प्रश्न : ताई नमस्कार. मी बीड जिल्ह्यात धारूर तालुक्यात आशाचं काम करते. दोन गोष्टी एकदमच गळ्यात आल्यात. माझ्या चुलत जावेच्या पोरीचं लग्न पुढच्या आठवड्यात घरच्या घरी उरकायचं ठरलंय. पोरगी दहावीला, दाखल्यावर 16 भरतात. दसरा झाला की जाऊ आन तिचा मालक कोयत्यावर, ऊस तोडायला जाणार, मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन बसलेत, म्हणतात सहा महिने पोरगी कुणाच्या भरवशावर ठेवायची, आन ते खोटं पण नाही. दुसरं म्हणजे आमच्याच वस्तीवर एक सून आलीय, 17 वर्षांची, चौथा महिना लागलाय. सासू म्हणते गरोदरपणाच्या कार्डावर वय 19 लिही, नाहीतर दवाखान्यातून पोलिसाला फोन जातो, पोरगं आत जाईल, त्यापेक्षा आम्ही घरीच बाळंत करू. कायदा पाळला तर तिचं घर मोडतं, नाही पाळला तर माझं काम जातं. माझ्या आजेसासऱ्यांनी निजामाचा कायदा मोडून जेल भोगली, त्यांचं नाव गावात अजून मानानं घेतात. मग कुणाच्या भल्यासाठी एक आकडा बदलला तर काय पाप?

उत्तर : आशाताई, दोन्ही प्रश्न एका पत्रात आले म्हणून तुम्हाला ते सारखे वाटतायत, मला वाटत नाहीत.

जावेच्या पोरीच्या बाबतीत धर्मसंकट कुठंय ते मला काही दिसेना. कायदा म्हणतो लग्न थांबवा, तुमचं मन पण तेच म्हणतंय, नाहीतर पत्र कशाला लिहिलं असतं. आडवं येतंय ते भावकीचं भेव. ते खरंय, उद्या लग्नामयतीला ह्याच माणसात उठायबसायचंय. पण म्हणून त्या भेवाला कर्तव्याच्या रांगेत बसवू नका. 1098 ला फोन लावा, सांगणाऱ्याचं नाव गुप्त ठेवतात, आणि गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणजे तुमचा ग्रामसेवकच, त्याच्या कानावर घातलं की त्याला पण टाळता येत नाही. फक्त आजच करा. हळद लागल्यावर पोलिसांची गाडी दारात आली की झालेला खर्च, पाव्हण्यात गेलेली इज्जत सगळं त्या पोरीच्या डोक्यावर येतं, आधी कळलं तर बहुतेक वेळा आईबापाला बाल कल्याण समितीपुढं बोलावून समजूत काढतात, हमीपत्र लिहून घेतात आणि तिथंच मिटतं. ऐकत नसतील तर 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात कोर्टाकडून मनाई हुकूम आणता येतो, तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्द धरतात. तसा हुकूम नसला तर लग्न आपोआप रद्द होत नाही बरं का, पोरीला स्वतः कोर्टात जाऊन ते रद्द करून घ्यावं लागतं, 20 पूर्ण होईपर्यंत मुदत असते. आईबापाला 2 वर्षांपर्यंत कैद आणि 1 लाखापर्यंत दंड होऊ शकतो, बाईमाणसाला मात्र ह्यात कैद नाही, हे जावेला कुणाकरवी तरी कळू द्या.

पण नुसता फोन करून तुमचं काम संपलं असं मी म्हणणार नाही. पोरगी ठेवायची कुठं हा तिच्या आईचा सवाल खरा आहे आणि त्याचं उत्तर 1098 देत नाही. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे, जवळ कुठं जागा आहे ते मुख्याध्यापकांकडून, समाजकल्याणच्या ऑफिसातून विचारून घ्या आणि जाऊ निघायच्या आत नाव लावा. राज्यात 20 ते 24 वयातल्या 21.9 टक्के बायांची लग्नं 18 च्या आत झालेली असं केंद्राचा 2019-21 चा आरोग्य सर्व्हे सांगतो, आपल्या बीड-परभणीत ते प्रमाण जवळजवळ दुप्पट किंवा जास्तच. आपल्याकडच्या आया काही जास्त निर्दयी नाहीत, त्यांना पोर मागं ठेवायला जागा नाही.

आता सून. इथं मात्र तुमचा जीव अडकतोय तो बरोबर अडकतोय.

11 ऑक्टोबर 2017 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बायको 18 च्या आतली असली तर नवऱ्यालाही बलात्काराचा कायदा लागतो. त्यात लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा 2012 चा, त्याचं कलम 19 म्हणतं की असा गुन्हा ज्याला कळला त्याने पोलिसांना कळवायचंच, न कळवणाऱ्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड. म्हणजे तुम्ही पण आल्या आणि डॉक्टर पण आले. हेतू चांगला होता, लेकरांवरचे अत्याचार घरातच दाबले जात होते. पण वस्तीवर त्याचा अर्थ असा झाला की पोरी दवाखान्यात यायलाच घाबरतात. डॉक्टरांना इथं थोडी मोकळीक पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि कोर्टालाही हे अगदीच कळत नाही असं नाही. सप्टेंबर 2022 मधे सुप्रीम कोर्टाने गर्भपाताच्या बाबतीत सांगितलं की अल्पवयीन मुलीने आणि पालकाने विनंती केली तर पोलिसांना कळवताना डॉक्टरने तिचं नाव उघड करायची गरज नाही. मे 2025 मधे बंगालमधल्या एका केसमधे दोषी ठरलेल्या नवऱ्याला शिक्षा भोगायला पाठवलं नाही, कारण मुलीला त्या घटनेपेक्षा नंतरच्या पोलिस-कोर्टानेच जास्त छळलं होतं, पण ह्या निकालाचा दाखला दुसरीकडे देऊ नका असंही बजावलं, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नका.

मग 19 लिहायचं का? नाही. आजेसासऱ्यांचा दाखला दिलात म्हणून सांगते, निजामाविरुद्धच्या 1938 च्या सत्याग्रहात स्वामी रामानंद तीर्थांसकट माणसं उघड्यावर कायदा मोडत होती, आम्हीच मोडला म्हणून सांगत होती आणि जेलात जात होती. 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तीदिनाला, आपण झेंडा लावतो तो त्या उघडपणासाठी. कार्डावर हळूच आकडा फिरवणं त्यात बसत नाही, कारण त्याची किंमत तुम्ही भरतच नाही, ती पोरगी भरते. 17 च्या अंगात रक्त कमी, बीपी वाढायची, झटके यायची भीती जास्त, बाळ कमी वजनाचं. कार्डावर 17 दिसलं की डॉक्टर तिला जोखमीची धरून लक्ष ठेवतो, 19 दिसलं तर ती रात्री अडीच वाजता चारचौघींसारखीच एक पेशंट.

तर खरं वय लिहा आणि आधी तिची तपासणी करून घ्या, रक्त, बीपी, गोळ्या, सगळं. कळवायचं ते एकटीनं नको, मेडिकल ऑफिसरच्या बरोबरीने, लेखी. सासूला सांगा की केस झाली तरी पोरीला ठाण्यात बसवता येत नाही, तिचा जबाब घरी किंवा ती म्हणेल तिथं घ्यायचा असतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि वर्दी न घालता. पोरासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा फुकट वकील मिळतो, आजच अर्ज करून ठेवा. त्याला काहीच होणार नाही असं सांगू नका, होऊ शकतं. शिव्या तुम्हालाच बसतील, पण शिव्या देणाऱ्या घरात पण दर महिन्याला जात राहा, कारण घरी बाळंतपण करायचा विचार त्यांच्या डोक्यातून दुसरं कुणी काढणार नाही.

प्रश्न : माझा गेवराईत मंडप-साउंडचा धंदा आहे. आम्ही नवरीचं वय कुठं विचारत बसायचं? ते काय आमचं काम आहे का?

उत्तर : भाऊ, आता आहे. बालविवाह लावणाऱ्याबरोबर त्याला हातभार लावणारा पण 2006 च्या बालविवाह कायद्याच्या कलम 10 मधे येतो, आणि वय पूर्ण आहे असं मानायला आपल्याकडे कारण होतं हे त्याचं त्यानेच दाखवायचं असतं. म्हणून विसार घेतानाच शाळेच्या टीसीची झेरॉक्स मागा, नुसतं आधार नको, वयाचा पुरावा म्हणून आधार चालत नाही असं सुप्रीम कोर्टाने 2024 मधे सांगितलंय. झेरॉक्स देत नसतील तर विसार परत करा आणि आचाऱ्याला, फोटोवाल्याला पण सांगून ठेवा.