मर्जर झालं, पण डब्याची टेबलं दोनच

प्रश्न : आमची बँक दुसऱ्या मोठ्या बँकेत मर्ज होऊन काही वर्षं झाली, बोर्ड बदलला, आयएफएससी कोड बदलले, पण ब्रँचमध्ये "तुमच्याकडे असं, आमच्याकडे तसं" अजून चालूच आहे. डबा खायलासुद्धा दोन टेबलं. आता वरून आदेश आलाय की स्टोरीटेलिंग सेशन घ्या, आणि ते माझ्या गळ्यात पडलंय. ताई, गोष्टी सांगून काय होणार?
– एक वाचक, मराठवाडा

उत्तर : प्रोजेक्टर लावून "आपण सगळे एक कुटुंब" करणार असाल तर काही होणार नाही, लोक मोबाइल बघत बसतील.

उदाहरण म्हणून सिंडिकेट बँकेची पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे साठवायची योजना, घ्या. बँक १९२५ ला उडुपीत निघाली तीच मुळी अडचणीतल्या विणकरांना हात द्यायला, आणि १९२८ पासून एजंट दारोदार जाऊन दोन-दोन आणे गोळा करायला लागले. १ एप्रिल २०२० ला ती कॅनरा बँकेत गेली. आता पिग्मी कधी न बघितलेल्या माणसाला एवढ्याशा रकमेसाठी एवढा कुटाणा कशाला असंच वाटणार ना, त्यात त्याची चूक नाही, पण दोन आण्यांची गोष्ट ऐकलेली असेल तर "बंद करा" म्हणायच्या आधी निदान विचारेल तरी, की यात पैसे कोणाचे येतात.

म्हणून "तुमचं कल्चर सांगा" असलं काही विचारू नका. विचारा, ही पद्धत कुठल्या भानगडीनंतर सुरू झाली? बँकेतल्या प्रत्येक विचित्र रजिस्टरमागे कधीतरी कॅश शॉर्ट आलेली असते नाहीतर कोणीतरी चावी घरी नेलेली असते. (शिपाईमामांना बोलवाच, त्यांना सगळं पाठ असतं.) मग ती गोष्ट दुसऱ्या टेबलावरच्याने आपल्या शब्दांत परत सांगायची. चुकणारच, मग मूळ माणूस मध्येच तोंड घालणार, हसणं होणार, आणि तुमचं अर्धं काम तिथेच झालं. सुरुवात मात्र मॅनेजरसाहेबांनी स्वतःच्या फजितीने करावी, नाहीतर सगळे आपापल्या जुन्या बँकेची आरतीच ओवाळतील.

सीनियॉरिटी, बदल्या, प्रमोशनचा राग असेल तर त्यावर गोष्टींचं मलम लावू नका, लोक लगेच ओळखतात. ते लेखी वर कळवा.

आणि हो, सेशन संध्याकाळी नको, क्लोजिंगच्या गडबडीत कोणाला गोष्ट सुचणार? डब्याच्या वेळेला घ्या, दोन्ही टेबलं जोडून.