मोठ्यांत शहाणी, पण राज्य आलं की रडते

प्रश्न : ताई, माझी मुलगी सात वर्षांची, एकुलती एक आहे. मोठ्यांत बसली की आजीबाईसारख्या गप्पा मारते, सगळे म्हणतात किती समजूतदार! पण खाली सोसायटीत खेळायला गेली की दहा मिनिटांत रडत वर, स्वतःवर राज्य आलं की खेळच सोडते. सासूबाई म्हणतात, भावंड नाही म्हणून असं, दुसरं होऊ द्या. आम्हाला एकच हवंय. आमचं चुकतंय का?
– एक आई, डोंबिवली

उत्तर : नाही हो, हे ओझं आधी डोक्यावरून उतरवा. एकुलतं मूल म्हणजे बिघडलेलं, ही समजूत फार जुनी आहे. १९८६ मध्ये टोनी फाल्बो आणि डेनिस पोलिट या संशोधकांनी ११५ अभ्यास एकत्र तपासले, त्यात मिळूनमिसळून वागण्यात एकुलती मुलं मागे नव्हती. हां, २००४ च्या एका अमेरिकन अभ्यासात बालवाडीच्या टीचर्सना भावंडं नसलेली मुलं थोडी कमी पडताना दिसली, पण त्या अभ्यासातल्याच एका संशोधकाने पुढे हायस्कूलच्या वयाची मुलं बघितली तर फरक उरलाच नव्हता. म्हणजे सवय लागते, फक्त जरा उशिरा.

आता मला काय वाटतं ते सांगते. तिचं मोठ्यांसारखं बोलणं म्हणजे समजूतदारपणा नव्हे, ती तुमची भाषा उचलते एवढंच, आणि मोठी माणसं तिला सांभाळून घेतात. घरी सापशिडी खेळताना शेवटच्या ओळीत सापाने गिळलं की बाबा म्हणत असतील, जाऊ दे, परत टाक फासा. खाली कोण म्हणणार असं? तिथे रडीचा डाव खडी, दुसऱ्या दिवशी कट्टी, आणि तिसऱ्या दिवशी बट्टी, आणि भावंडं असलेली मुलं हेच घरी चॉकलेटच्या मोठ्या तुकड्यावरून रोज करत असतात म्हणून त्यांना त्याचं काही वाटत नाही.

तर घरी तिला खरंखुरं हरू द्या. रडत वर आली तर जवळ घ्या, पाणी द्या, ऐकून घ्या, पण भांडण मिटवायला स्वतः खाली जाऊ नका आणि "माझ्या मुलीला घ्या रे" असंही सांगू नका, मुलं लगेच तिला लिंबूटिंबू करतील आणि मग तिच्यावर राज्य येणारच नाही. सुट्टीत मामेभावंडांकडे चार दिवस एकटीला राहू द्या.

दुसऱ्या बाळाचं तुम्ही दोघांनी ठरवलंय ना, मग झालं, पहिलीला वळण लावायला दुसरं आणायचं नसतं. सासूबाईंना तिची खरंच काळजी आहे, त्यांना म्हणा रोज संध्याकाळी नातीबरोबर पत्त्यांचा एक डाव मांडा, फक्त मुद्दाम हरू नका.