आईचं पोट दोन महिने फुगलेलं आहे, गॅसच्या गोळ्यांनी फरक नाही. अंडाशयाचा कॅन्सर असू शकेल का? आम्ही राजापूरजवळ राहतो.

बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, पण दोन महिने म्हणजे आता थांबू नका. पोट फुगणं, दोन घासांत पोट भरणं, ओटीपोटात दुखणं, सारखी लघवीला लागणं यातलं काही महिन्यात बारापेक्षा जास्त दिवस होत असेल, त्यातही वय पन्नाशीपुढचं असेल, तर पोटाची सोनोग्राफी आणि सीए-१२५ ही रक्ततपासणी करून घ्या. पॅप स्मिअर नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होऊ नका, ती तपासणी गर्भाशयाच्या मुखाची असते.

आपल्याकडच्या बायका हे दुखणं अंगावर काढतात. भातलावणी आटपू दे, गणपती होऊ देत, मुंबईहून मुलगा येऊ दे. पाळी गेल्यावर 'तिथलं' काही सांगायचं तर लाजही वाटते. तसंही जगभर, श्रीमंत देशांतसुद्धा, बहुतेक जणींचं निदान तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात होतं. आईला एकटी पाठवू नका, सोबत जा आणि डॉक्टरांना स्वतः विचारा, "अंडाशय बघितलंत का?"

गाठ किंवा पोटात पाणी दिसलं तर घाईने गावातच ऑपरेशन नको. आधी कॅन्सरतज्ज्ञ. डेरवणचं वालावलकर रुग्णालय जवळ पडेल, नाहीतर परळचं टाटा. पैशांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. टाटाला जायचं झालं तर राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे.